इमिग्रेशन मेडिकलची फाइल: टाइप वन डायबेटिस आणि काही महिन्यांचा वापर

नवरा कॅनडाचा पीआर (कायमचा रहिवासी), मी नेरूळमध्ये, आणि टाइप वन डायबेटिस शाळेत असल्यापासून. स्पाउस स्पॉन्सरशिपचा, म्हणजे नवऱ्याने मला तिकडे बोलावून घ्यायचा, अर्ज टाकला तेव्हापासून दोन्ही घरांत एकच धास्ती होती, त्यासाठीच्या आरोग्य तपासणीत, मेडिकलमध्ये, मी अडकले तर? तेव्हा पारदर्शक कप्प्यांची एक फाइल घेतली आणि आजाराचे सगळे कागद तिच्यात लावायला सुरुवात केली. मेडिकल होऊन काही महिने झाले, फाइल अजून वापरात आहे.

आधी धास्तीबद्दल, कारण माझ्यासारख्या कितीतरी जणी याच भीतीने झोपत नसतील. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ३८ मध्ये आरोग्यसेवेवर 'अवाजवी भार' पडेल म्हणून अर्ज नाकारायची तरतूद आहे. पण फॅमिली क्लासमधून, म्हणजे कुटुंबीय म्हणून, स्पॉन्सर केलेल्या नवरा-बायकोला ती लागू होत नाही. मेडिकल तरीही सक्तीचं आहे, कारण सार्वजनिक आरोग्याला किंवा सुरक्षिततेला धोका आहे का, हे त्यांना बघायचं असतं. हे मला कळलं त्या दिवशी आईचा आवाजच बदलला.

एक्स्प्रेस एन्ट्रीवाल्यांचं, म्हणजे शिक्षण-नोकरीच्या जोरावर पीआरसाठी अर्ज करणाऱ्यांचं, मात्र वेगळं आहे. तिथे ही सूट नाही, आणि जोडीदाराच्या आजारामुळे मुख्य अर्जदाराचाही अर्ज अडू शकतो. २०१८ मध्ये 'अवाजवी भार' ठरवायची खर्चाची मर्यादा तिप्पट केली, त्यामुळे आता पूर्वीइतकं कडक राहिलेलं नाही. तरीही 'आजारी बायकोचं नाव आत्ता दाखवूच नका, नंतर बोलावून घ्या' असं कोणी सुचवलं तर कृपा करून ऐकू नका. सोबत येणार नसली तरी तिचं नाव द्यावं लागतं आणि तिची मेडिकलही व्हावी लागते. लपवलं तर पुढे तिला स्पॉन्सर करायची वाटच बंद होऊ शकते. हा सल्ला देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

फाइलमधलं सर्वात मोलाचं पान म्हणजे आमच्या डॉक्टर मॅडमनी लेटरहेडवर दिलेलं पत्र. आजार कधीपासून, कोणतं इन्सुलिन किती युनिट, गेल्या वर्षभरातले एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), किडनी आणि डोळे कसे आहेत, कधी ॲडमिट व्हावं लागलं का, एवढं सगळं एका पानात. मुंबईतल्या पॅनल डॉक्टरांनी, म्हणजे कॅनडाने या तपासणीसाठी नेमलेल्या डॉक्टरांनी, तेच पान आधी वाचलं. जाडजूड गठ्ठा कोणी चाळत बसत नाही. आपले नेहमीचे डॉक्टर ही तपासणी करू शकत नाहीत, पॅनलच्या यादीतलेच लागतात, आणि पॅनल डॉक्टरही निर्णय देत नाहीत. ते रिपोर्ट पाठवतात, निर्णय तिकडचे अधिकारी घेतात.

तपासणी साधीच होती: उंची, वजन, बीपी, छाती-पोट, छातीचा एक्स-रे, रक्त, लघवी. पाळी चालू असताना लघवीची तपासणी टाळा, रक्त दिसलं तर उगाच पुन्हा बोलावतात. दिवस गेले असतील तर एक्स-रेच्या आधीच सांगा. आणि टाइप वनवाल्यांनी ग्लुकोज, बिस्किटं जवळ ठेवाच, रांगेत बसल्याबसल्या शुगर उतरते. निघताना मिळालेला मेडिकल झाल्याचा छापील कागद लगेच फाइलमध्ये गेला.

फोनवरच्या एका अ‍ॅपमध्येही रिपोर्ट ठेवून पाहिले. घरच्या घरी ठीक आहे, पण दवाखान्याच्या तळमजल्यावर रेंज नव्हती. कागद हातात असलेला बरा.

फाइलचा एक दोष पावसाळ्यात दिसला. नवी मुंबईच्या दमट हवेत छापील कागद प्लॅस्टिकला चिकटतात, आणि ईसीजीची थर्मल पट्टी तर हळूहळू पुसट होत जाते. अशा कागदांच्या झेरॉक्स लावा, मूळ प्रत वेगळ्या पाकिटात ठेवा.

मेडिकल १२ महिनेच ग्राह्य असते. तेवढ्यात कॅनडात पोचणं झालं नाही तर पुन्हा करावी लागू शकते, म्हणून दर तीन महिन्यांचा एचबीए१सी आला की तो सर्वात वर लावते. मॅडमकडून पत्रही नव्या तारखेचं करून घेतलंय. मेडिकल करा असं कॅनडाकडून पत्र आल्यावर ३० दिवसांत तपासणी उरकायची असते आणि तेवढ्यात आपले नेहमीचे डॉक्टर सुट्टीवर असले तर धावपळ होते. तुमच्या घरून असा अर्ज जाणार असेल तर डॉक्टरांचं पत्र आत्ताच मागून ठेवा.