निवासी शाळेतलं स्टोअर: आठ महिन्यांचा अनुभव

जूनमध्ये मुलाला सोलापूरच्या निवासी शाळेत सातवीला घातलं. त्याआधी आम्ही मेसचं जेवण चाखलं, संडासातले नळ सोडून बघितले, खोलीतला पंखासुद्धा लावून पाहिला. मेसला लागून असलेल्या स्टोअरकडे मात्र ढुंकूनही बघितलं नाही. वही-पेन कुठंही मिळतं, त्यात काय बघायचं! पण पोराचा रोजचा संबंध मुख्याध्यापकांपेक्षा या खोलीशी जास्त येतो, हे दिवाळीपर्यंत कळलं.

गल्ल्यावर एक काका असतात, शिवणयंत्रावर मावशी. माल आणायला एक पोरगा आहे, तो नेहमी टेम्पोतच. मुलांच्या हातात पैसे द्यायचे नाहीत, खर्ची आपण खात्यावर भरायची. काका वहीत मांडतात आणि मुलाची सही घेतात. ऑगस्टमध्ये त्यांचा फोन आला, "पोरगं आठवड्यात पाच पेनं नेलंय बगा. लिहितंय का खातंय?" चौकशी केली तर चिरंजीव पेन देऊन खोलीतल्या मित्राच्या डब्यातली शेंगाचटणी घेत होते. पुढच्या भेटीला अर्धा किलो चटणी नेऊन दिली, पेनांचा खप थांबला.

मावशींचं माहेर तेलुगू. मुलांशी मराठी बोलता बोलता मध्येच तेलुगूत शिरतात. कपड्यांवर मार्करनं घातलेले नंबर दोन-तीन धुण्यांत उडाले आणि मुलाचे दोन बनियन गेले. मावशींनी मग सगळ्या कपड्यांवर लाल दोऱ्यानं नंबर घातले. पैसे विचारले तर म्हणाल्या, "दोऱ्याचे काय घ्यायचे?" तेव्हापासून एक मोजासुद्धा हरवलेला नाही.

खरी परीक्षा सप्टेंबरात झाली. सीना नदीला पूर आला, लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्ग बंद पडला, आम्ही मोहोळकडचे नदीच्या अलीकडंच अडकलो. खात्यावर चाळीस रुपये शिल्लक आणि पोराची चप्पल तुटलेली. शिल्लक संपली की माल द्यायचा नाही असा शाळेचा नियम आहे, भिंतीवर पाटीच लावलीय. काकांनी चप्पल दिली, साबण दिला, वहीत पेन्सिलीनं लिहून ठेवलं. पूरग्रस्त गावांतल्या आणखी बऱ्याच मुलांना दिलं म्हणे. त्याच आठवड्यात, 22 सप्टेंबर 2025 ला, वह्या, पेन्सिली आणि खोडरबरांवरचा जीएसटी शून्य झाला, साबण-टूथपेस्टवरचा 18 वरून 5 टक्क्यांवर आला. नंतर खात्याचा कागद बघितला तर नवे भाव लागलेले होते. जुना माल जुन्याच भावानं खपवणारे दुकानदार आमच्या गावात मी बघितलेत, म्हणून मुद्दाम लिहितोय.

वेफर्स आणि कोल्ड्रिंक इथं मिळत नाही, मुलगा त्यावर कुरकुरतो. पण शाळेच्या आवारात आणि गेटपासून 50 मीटरच्या आत जास्त चरबी-मीठ-साखरेचं खाणं विकायला 2020 च्या अन्नसुरक्षा नियमांनीच मनाई आहे. राजगिऱ्याचे लाडू आणि फुटाणे असतात, ते पुरे.

आता तक्रारी. भेटीच्या रविवारी स्टोअर दुपारी एकलाच बंद. पालक नेमके त्याच वेळी जेवून उठतात आणि बंद कुलूप बघतात. मावशींनाही घर आहे, हे मान्य. पण महिन्यातून एकदा तो पोरगा बसू शकतो की. मोज्यांचं इलास्टिक महिन्यात ढिलं पडतं. बुटांचं तर विचारूच नका. मापं जूनमध्ये घेतली, बूट ऑगस्टमध्ये आले, तोवर पाय वाढलेला! बदलून मिळायला आणखी तीन आठवडे गेले. यात काकांचा दोष नाही, माल शाळेच्या ठेकेदाराकडून येतो. पण पोरांच्या शिव्या काकांनाच.

माणसांना पाचपैकी पाच, मालाला तीन. सोलापुरातल्या गड्ड्याच्या यात्रेला मुलाला घेऊन गेलो तेव्हा त्यानं खर्चीतून मावशींसाठी बांगड्या घेतल्या, मला न विचारता. पुढच्या जूनला गणवेश मावशींकडूनच अल्टर करून घेणार. बूट मात्र सोलापूरच्या नवी पेठेतून पायात घालून बघूनच.