बेझलमध्ये चित्र बसवायला पंच घ्यावा की कात्रीच बरी?

नवरात्र जवळ आली की बडोद्यात ऑक्सिडाइज्ड पेंडंटची मागणी एकदम वाढते, आणि घरी रेझिनचं काम करणाऱ्या बऱ्याच जणींचा प्रश्न तोच असतो की बेझलमध्ये (पेंडंटची काठ असलेली खोलगट चौकट, जिच्यात चित्र ठेवून वरून रेझिन ओततात) कागदाचं चित्र बसवायला सर्कल पंच (दाबला की कागदाचा गोल कापणारं साधन) घ्यावा का कात्रीवर भागवावं. माझं मत आधीच सांगते, एकाच मापाचे गोल बेझल ढिगाने करायचे असतील तर पंच, बाकी सगळ्याला हात.

पंचने कड स्वच्छ येते आणि तो उलटा धरला की खालून चित्र दिसतं, त्यामुळे चेहरा बरोबर मध्यात आणता येतो. गोम आहे ती मापात. एक इंचाचा पंच म्हणजे 25.4 मिमी आणि बेझल असतो 25 मिमीचा, आता 0.4 मिमी ऐकायला काहीच नाही, पण तेवढ्यानेच कागद तळाला टेकत नाही, कडा भिंतीवर चढतात, खाली हवा अडकते आणि रेझिन ओतल्यावर तिथूनच बुडबुडे वर येत राहतात. म्हणून पंच मिमीच्या मापातलाच बघा, आणि माप घ्यायचं ते बेझलच्या आतल्या तळाचं, बाहेरच्या काठाचं नाही. जाड कार्डशीट पंचमध्ये अडकते हेही लक्षात असू द्या.

हाताने कापायला वेळ लागतो हे खरंच, पण ओव्हल, थेंब, चौकोन काहीही जमतं. बेझलवर बटर पेपर दाबून धरायचा आणि पेन्सिल आडवी करून घासायची, काठाच्या दोन रेघा उमटतात, त्यातली आतली आपली. ती पारदर्शक ओएचपी शीटवर उतरवून कापली की कायमचा साचा झाला, तो चित्रावर सरकवून नेमका भाग निवडता येतो. राजा रविवर्म्यांच्या चित्रांचे प्रिंट वापरत असाल (ते 1906 मध्ये गेले, त्यामुळे मूळ चित्रांवर आता कॉपीराइट नाही) तर इथे हातच हवा, कारण सरस्वतीची वीणा ठेवायची का नुसता चेहरा हे साचा फिरवून बघितल्याशिवाय ठरत नाही. कापताना कात्री स्थिर आणि कागद फिरता ठेवा, शेवटी नेलफाइल कडेवरून हलकेच, एकाच दिशेने.

आता सीलिंग, म्हणजे कागदात रेझिन शिरू नये म्हणून तो बंद करणं, आणि माझ्या मते फिटिंगपेक्षाही जास्त पेंडंट इथेच बिघडतात. उघडा कागद रेझिन पितो आणि तेल लागल्यासारखे काळपट डाग पडतात. पॅकिंग टेप झटपट होते पण चित्राच्या बाहेर टेपची एक-दोन मिमी पट्टी सोडावी लागते, म्हणजे चित्र तेवढं लहान, आणि पट्टी न सोडता कड कापली तर रेझिन तिथूनच आत शिरतं, म्हणजे एवढं बारीक मापात कापलेलं सगळं वायाच की. त्यापेक्षा फेव्हिकॉलचे पातळ दोन हात, पुढून, मागून आणि मुख्य म्हणजे कडेवरून. प्रिंट मात्र लेझरचा हवा, इंकजेटची शाई बहुतेक वेळा ओल्या गोंदात पसरते. पावसाळ्यात इकडच्या दमट हवेत पंख्याखाली रात्रभर वाळू द्या, घाई नको.

कागद बेझलला चिकटवायलाही फेव्हिकॉलच वापरा, यूव्ही रेझिन (यूव्ही लॅम्पच्या उजेडाने घट्ट होणारं) नको, कागदाखाली लाइट पोचत नाही आणि ते चिकटच राहतं. वरच्या थरासाठी मात्र यूव्ही चांगलं, पातळ थर दिला तर लॅम्पखाली काही मिनिटांत होतं. इपॉक्सीला (दोन भाग मिसळल्यावर आपोआप घट्ट होणारं रेझिन) साधारण 24 तास लागतात आणि तेवढा वेळ ते कडेची बारीकशी फट शोधत बसतं, त्यामुळे सीलिंगची खात्री नसेल तर यूव्हीच घ्या. आणि इपॉक्सीच करणार असाल तर पूर्ण कडक व्हायला तीनेक दिवस धरा, घटस्थापनेच्या आदल्या दिवशी ओतलेलं पेंडंट पहिल्या गरब्याला घालता येणार नाही.