चालू प्रॅक्टिसमध्ये शिकत राहणं: मार्गदर्शिका, एक ॲप आणि औषधबंदीच्या बातम्या, काही महिन्यांच्या वापरानंतर

भांडुपला माझं पाळीव प्राण्यांचं क्लिनिक आहे. कुत्री, मांजरं, अधूनमधून एखादा ससा. गेल्या पावसाळ्यापासून तीन गोष्टी नेमाने वापरते आहे: वर्ल्ड स्मॉल ॲनिमल व्हेटरिनरी असोसिएशनच्या, म्हणजे वसावाच्या मार्गदर्शिका; मांजराची वेदना मोजायचं फेलाइन ग्रिमेस स्केलचं ॲप; आणि औषधबंदीची बातमी मूळ अधिसूचनेत जाऊन वाचायची सवय. शिवाय रेकॉर्ड केलेली वेबिनार, जमतील तशी. यातलं बरंचसं फुकट मिळतं, खर्च होतो तो वेळ. ओपीडी, सर्जरी, रात्रीचे फोन यांतून काढलेला तो वेळ कशावर सत्कारणी लागला, ते आपल्यासारख्याच प्रॅक्टिस करणाऱ्यांसाठी लिहिते.

आधी ॲप, कारण रोजच्या कामात सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडला. मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या गटाने ही मोजपट्टी २०१९ मध्ये प्रसिद्ध केली. कान, डोळे, तोंडाचा पुढचा भाग, मिशा आणि डोक्याची ठेवण अशा पाच गोष्टी बघायच्या, प्रत्येकीला ० ते २ गुण द्यायचे. बेरीज १० पैकी ४ किंवा जास्त आली की वेदनाशामकाचा विचार करायचा. ऐकायला अगदी साधं वाटतं. पण स्पे (मादीची नसबंदी) झालेलं देशी मांजर पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात गप्प बसलेलं असतं आणि अटेंडंट म्हणतो, "डॉक्टर, एकदम शांत आहे." जवळ जाऊन पाहिलं तर कान पूर्ण बाहेर वळून चपटे झालेले, डोळ्यांच्या नुसत्या फटी, तोंड किंचित ताणलेलं, मिशांचा बाक थोडा गेलेला, डोकं खांद्यांच्या रेषेत. दोन, दोन, एक, एक, एक. झाले सात. ब्युप्रेनॉर्फिन हे वेदनाशामक दिलं, तासाभराने परत पाहिलं तर बेरीज दोनवर आलेली आणि मांजर उठून पाण्याच्या वाटीपाशी गेलेलं. शांत मांजर आणि दुखतंय म्हणून गप्प बसलेलं मांजर यांतला फरक आता आमच्याकडे आकड्यात लिहिला जातो. रात्रपाळीचा मुलगाही तो लिहू शकतो, आणि सकाळी आल्यावर मला त्याच्या अंदाजावर विसंबावं लागत नाही.

मर्यादाही आहेत. मांजर झोपलेलं, खात, अंग चाटत किंवा ओरडत असेल तेव्हा गुण द्यायचे नाहीत. अर्धा मिनिट न हलवता, न बोलावता बघायचं. ही पट्टी तीव्र वेदनेसाठी आहे. म्हाताऱ्या मांजराच्या सांधेदुखीला ती लावू नये. मुंबईत पर्शियन मांजरं भरपूर, आणि त्यांच्या चपट्या चेहऱ्यावर तोंडाचा ताण वाचणं मला अजूनही जड जातं. तिथे मी कान आणि डोक्याच्या ठेवणीकडे जास्त बघते आणि पोटाला हात लावल्यावर मांजर काय करतं तेही जमेस धरते.

वसावाची लसीकरणाची मार्गदर्शिका २०२४ मध्ये नव्याने आली. लांबलचक आहे, पण प्रत्येक शिफारशीमागचं कारण दिलेलं असल्याने वाचावीशी वाटते. आईकडून मिळालेली प्रतिपिंडं पिल्लाच्या रक्तात असेपर्यंत लस वाया जाऊ शकते. म्हणून पार्व्हो-डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजारांच्या लसीचा पिल्लूपणातला शेवटचा डोस १६ आठवड्यांच्या आत संपवायचा नाही, आणि पुढचा डोस वर्षभराने देण्याऐवजी २६ आठवड्यांच्या सुमारास द्यावा, म्हणजे मधल्या काळात एखादं पिल्लू उघडं राहत नाही. हे पालकांना पटवायला वेळ जातो. "डॉक्टर, तीन सुया झाल्या ना त्याच्या, आता परत कशाला?" हे रोजचं. मी कार्डावर जन्मतारखेच्या शेजारीच १६ आठवडे कधी भरतात ती तारीख लिहून देते. तारीख डोळ्यासमोर असली की वाद उरत नाही.

मुंबईकरांनी नीट वाचावा असा भाग लेप्टोचा, म्हणजे दूषित पाण्यातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा. जिथे हा आजार स्थानिक आहे तिथे कुत्र्यांसाठी लेप्टोची लस मूलभूत लसींमध्ये धरा, असं मार्गदर्शिका स्पष्ट सांगते. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर या शहराने लेप्टो काय असतो ते पाहिलं आहे, आणि दर पावसाळ्यात पालिका माणसांसाठी सूचना काढतेच. कुत्र्याला पहिल्यांदा देताना दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, मग दरवर्षी एक. म्हणजे जूनमध्ये पाणी तुंबल्यावर क्लिनिकमध्ये येऊन उपयोग नाही, एप्रिल-मेमध्येच सुरुवात व्हायला हवी. पार्व्हो-डिस्टेंपरचं संरक्षण काही वर्षं टिकतं, लेप्टोचं तेवढं टिकत नाही. एकत्रित लसीच्या "नाइन-इन-वन दरवर्षी" या सरधोपट सवयीत हा फरक झाकला जातो. लसीच्या डबीवर लेप्टोच्या जंतूचे कोणते सेरोव्हार (उपप्रकार) छापलेत तेही वाचा, कारण संरक्षण मुख्यतः तेवढ्यांपुरतंच.

वेबिनारबद्दल माझं मत संमिश्र आहे. बहुतेक व्याख्यानं अमेरिका-युरोपातली, थेट बघायची तर वेळ आडनिडी. रेकॉर्डिंग ऐकणं बरं. लोकलमध्ये कानात लावून औषधांवरची व्याख्यानं ऐकून होतात, सोनोग्राफी किंवा रेडिओग्राफची होत नाहीत. वेळेहून मोठी अडचण आजारांच्या क्रमाची. कुत्र्याचे प्लेटलेट्स घसरले की तिकडचा वक्ता स्वतःच्या प्रतिकारशक्तीने केलेल्या नाशावर पाऊण तास बोलतो आणि गोचीड शेवटच्या एका स्लाइडवर येते. आपल्याकडे यादी उलटी वाचावी लागते. आधी गोचिडींतून येणारे एर्लिकिया आणि बॅबेसिया हे जंतू तपासा, मग स्टेरॉइडचं बघा. बॅबेसिया गिब्सोनी हा प्रकार निघाला तर नुसत्या इमिडोकार्ब या औषधावर विसंबता येत नाही. ॲटोव्हाक्वोन आणि ॲझिथ्रोमायसिन एकत्र द्यावं लागतं, आणि त्याचा खर्च पालकांना आधीच सांगावा लागतो. व्याख्यान वाईट नसतं, ते दुसऱ्या शहरासाठी असतं, एवढं लक्षात ठेवून ऐकलं की फायदा होतो. मांजराला डॉक्सिसायक्लिनची गोळी दिल्यावर लगेच पाच-सहा मिली पाणी पाजा, नाहीतर गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे जखम होते, हे अशाच एका व्याख्यानात शेवटी ओघात आलं आणि त्याच दिवसापासून आमच्या प्रिस्क्रिप्शनवर छापलं गेलं.

बातम्यांबाबत मी आग्रही आहे. औषधबंदीची बातमी ग्रुपवर फॉरवर्ड म्हणून येते, तारीख कापलेली, कधी दोन वर्षं जुनी. पण ती आपल्या फ्रिजपर्यंत आणि कपाटापर्यंत पोचणारी बातमी असते. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिलेल्या जनावराचं मांस खाऊन गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मरतात हे २००४ मध्ये सिद्ध झालं आणि २००६ मध्ये आपल्याकडे ते जनावरांसाठी बंद झालं. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक, डिसेंबर २०२४ च्या शेवटी निमेसुलाइड. गिधाडांसाठी सुरक्षित ठरलेली वेदनाशामकं मेलॉक्सिकॅम आणि टोल्फेनामिक ॲसिड आपल्याकडे आहेत. "मी कुत्री-मांजरं बघतो, माझा गिधाडांशी काय संबंध" असं म्हणून चालणार नाही. बंदी सर्व जनावरांसाठी आहे, आणि आरेच्या तबेल्यांत म्हशी बघणारे सहकारी आपल्याच दुकानांतून औषध घेतात. मी अधिसूचनेची प्रत काढून औषधांच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवली आहे. स्टॉक मागवणारी व्यक्ती बदलली तरी कागद तिथेच असतो.

हाताने करायच्या गोष्टी मात्र पडद्यावर येत नाहीत. पोटाची सोनोग्राफी, दातांची शस्त्रक्रिया, नर्व्ह ब्लॉक (नस बधिर करणं) यांसाठी प्रत्यक्ष कार्यशाळाच गाठा. १८८६ पासून परळला पशुवैद्यक महाविद्यालय असलेल्या शहरात आपण राहतो; वरिष्ठांशेजारी उभं राहून प्रोब हातात धरायची संधी मिळाली तर एक दिवस क्लिनिक बंद ठेवायला हरकत नाही. पैसे देऊन घेतलेल्या सर्टिफिकेट कोर्सपेक्षा माझा हात अशा दिवसांत जास्त सुधारला.

एक उणीव सगळीकडे आहे: अटेंडंट आणि पालकांसाठी मराठीत काही नाही. म्हणून मी ग्रिमेस स्केलवरून एक पानी मराठी तक्ता केला, सर्जरीनंतर मांजर घरी नेणाऱ्यांसाठी. कान बाहेर वळलेत का, डोळे बारीक केलेत का, डोकं खाली घातलंय का, चोवीस तासांत काही खाल्लंय का, लघवी झाली का. खाली ठळक अक्षरात: माणसांची पॅरासिटामॉल किंवा क्रोसिन मांजराला अजिबात देऊ नका, एक गोळीही जीव घेऊ शकते. कुणाला हवा असेल त्याने तक्ता आपल्या लेटरहेडवर उतरवून घ्यावा आणि कुत्र्यांसाठी तसा बनवला असेल तर मला जरूर पाठवावा.