सेगुंदाचे प्लेऑफ बघायचेत? मग डिचोलीला दादाकडे या

जूनमध्ये रात्री साडेबाराला स्पेनच्या दुसऱ्या डिव्हिजनची, म्हणजे सेगुंदाची, वर जाण्यासाठीची प्लेऑफ मॅच गोव्यात चार माणसांसोबत कुठे बसून बघायची हा प्रश्न मला दरवर्षी पडायचा, आता दोन वर्षं झाली तो सुटलाय. डिचोली बाजारातून आत वळलं की एक छोटी खाणावळ आहे, बोर्डावर नाव नाही, सगळे नुसतं "दादाकडे" म्हणतात. दुपारी शीत-कडीचं, म्हणजे भात-आमटीचं, ताट मिळतं आणि प्लेऑफच्या रात्री तिथेच भिंतीवरचा टीव्ही लागतो, शटर पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून अर्धं खाली.

आधी एक जुनं दुखणं सांगतो म्हणजे मी हे एवढं का लिहितोय ते कळेल. २०२३ ची प्लेऑफची लेवांते-आलावेस फायनल मी कळंगुटच्या बाजूला एका मोठ्या स्क्रीनवाल्या जागेत बघत होतो. फायनल दोन मॅचची, म्हणजे दोन लेगची. पहिली लेग ०-०, दुसरीतही ९० मिनिटं ०-०, आणि तिथल्या माणसाने "आता काय होत नाय" म्हणून सरळ चॅनल बदललं! आता सेगुंदाचा नियम असा आहे की दोन्ही लेग आणि एक्स्ट्रा टाईम धरूनही बरोबरी राहिली तर पेनल्टी शूटआऊट नाहीच, लीगच्या टेबलात जो वर तो पुढे जातो. लेवांते तिसरे होते, आलावेस चौथे, म्हणजे काहीच न होणं हेच लेवांतेला हवं होतं. आणि १२९व्या मिनिटाला हँडबॉल, व्हीएआर म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय, पेनल्टी, आलावेसच्या वियालिब्रेचा गोल, आलावेस पहिल्या डिव्हिजनमध्ये. हे सगळं मी घरी जाताना स्कोअर बघून वाचलं. अजून वाईट वाटतं.

दादाकडे असं होत नाही. त्याच्या नुस्त्याच्या, म्हणजे मासळीच्या, दराचा काळा फळा आहे ना, १ जूनपासून ट्रॉलर बंद असतात त्यामुळे तो अर्धा रिकामाच असतो, त्या रिकाम्या अर्ध्यावर दादा खडूने प्लेऑफ लिहितो. डावीकडे बांगडे, उजवीकडे तिसरा विरुद्ध सहावा, चौथा विरुद्ध पाचवा. टेबलात वर असलेल्या टीमच्या नावाखाली तो एक जाड रेघ ओढतो, म्हणजे बरोबरी झाली तर कोण जाणार ते नवीन माणसालाही विचारावं लागत नाही. २२ टीम, ४२ मॅचेस, पहिले दोन थेट वर, पुढचे चार या भांडणात, खालचे चार थेट तिसऱ्या पायरीच्या प्रिमेरा फेडरेशनमध्ये, हे तो ताट वाढता वाढता समजावतो आणि कंटाळत नाही.

२०२५ च्या फायनलची ओव्हिएदो-मिरांदेस दुसरी लेग मी तिथेच बघितली. मिरांदेस म्हणजे मिरांदा दे एब्रोची टीम, ३५ हजारांच्या आसपास वस्तीचं गाव, आपल्या म्हापशापेक्षाही लहान, आणि ते पहिली लेग १-० जिंकून आले होते, टेबलात मात्र ते चौथे आणि ओव्हिएदो तिसरे, म्हणून रेघ ओव्हिएदोच्या नावाखाली. त्यात मिरांदेसच्या पानिचेलीने सुरुवातीलाच अजून एक मारला. मग ओव्हिएदोच्या ४० वर्षांच्या काझोर्लाची पेनल्टी, हा तोच माणूस, २०१२ मध्ये क्लब बुडत होता तेव्हा शेअर विकत घेणाऱ्यांतला आणि परत आला तो अगदी किमान पगारावर खेळायला. ती पेनल्टी घेताना आमच्यातलं कोणी बोलत नव्हतं, फक्त पत्र्यावर पाऊस. चायराने दुसरा मारला, एकूण २-२, म्हणजे असंच राहिलं तरी रेघेमुळे ओव्हिएदोच वर जाणार होते. १०३व्या मिनिटाला पोर्तियोने मारला आणि कोपऱ्यातल्या टेबलावरचे एक काका उभे राहून "वयर गेलें, वयर गेलें" (वर गेले) करत राहिले. २४ वर्षांनी ओव्हिएदो पहिल्या डिव्हिजनमध्ये! ते काका धेंपो या गोव्याच्या क्लबचे जुने फॅन. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे गोव्याचे तिन्ही क्लब आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले ते त्यांना अजून लागतं, म्हणाले, "बाब, खाली पडलो तरी चालेल, पण वर जायची वाट पाहिजे."

इथे बसणाऱ्यांना हे सगळं परकं वाटत नाही कारण स्पेनचा कोरो आपण फातोर्ड्याच्या स्टेडियमवर खेळताना बघितलाय. २००६ मध्ये शेवटच्या दिवशी इंज्युरी टाईममध्ये गोल मारून एस्पान्योल या स्पॅनिश क्लबला खाली जाण्यापासून वाचवणारा कोरो तो हाच, नंतर एफसी गोवाकडून दोनदा गोल्डन बूट घेतला.

खाण्याचं थोडक्यात. रस ऑम्लेट घ्या, रस शागोतीचा (मसाल्याच्या रश्श्याचा), दाट, खोबरं नीट भाजलेलं, वर बारीक कांदा. पोई (गोव्याचे पाव) रात्री एकनंतर संपतात म्हणून हाफटाईमच्या आधीच सांगून ठेवा. मिरची भजी गरम असेपर्यंतच चांगली. दोन माणसांचं तीनशेत होतं.

तक्रारी आहेत, त्याही सांगतो. खुर्च्या प्लास्टिकच्या आणि १२० मिनिटं बसलं की पाठ धरते. पावसात लाईट जाते, इन्व्हर्टर आहे पण राउटर परत चालू व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात, सेमीफायनलच्या वेळी त्यात एक गोल गेला. दादाने दुसऱ्या आठवड्यात राउटरला वेगळी बॅटरी लावली. स्ट्रीम थोडी मागे चालते, म्हणून मोबाईलवर स्कोअर बघू नका आणि बघितलात तर गप्प बसा, ही एक गोष्ट दादा कडक आवाजात सांगतो. रात्री परतायला बस नाही, गाडी पाहिजेच.

दादाकडे एकच मागणी आहे, प्रिमेरा फेडरेशनचे प्लेऑफ पण लाव. स्पेनचा २००० चा चॅम्पियन देपोर्तिव्हो चार वर्षं त्या तिसऱ्या पायरीवर अडकला होता, २०२२ मध्ये स्वतःच्या रियाझोर मैदानावर अल्बासेतेकडून एक्स्ट्रा टाईममध्ये हरला, मग लुकास पेरेझ स्वतःच्या खिशातले पैसे घालून पहिल्या डिव्हिजनमधला क्लब सोडून तिथे आला आणि २०२४ मध्ये त्याच्याच फ्री किकने ते वर गेले. हे सगळं मी दादाला सांगितलं तेव्हा त्याने फडकं घेतलं, बांगड्याचा दर पुसला आणि म्हणाला, "दोन ग्रुप ना? मग जागा जास्त लागेल."