ओकायामाची शिक्षक एक्स्चेंज ट्रिप : पाचपैकी साडेतीन, ते पण शाळेमुळं

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला असताना नोव्हेंबरात आठ दिवस जपानला ओकायामाला जाऊन आलो (पोरगीच आहे मी, पण कोल्हापूरची, आम्ही आलो-गेलोच म्हणतो). कॉलेजातला जो तो विचारतोय पैसे वसूल झाले काय, म्हणून एकदाच लिहून टाकतो. नेणाऱ्या संस्थेचं नाव मुद्दाम घेत नाही.

आधी भांडण. पत्रकावर ‘शाळाभेट’ एवढं ठळक छापलेलं आणि प्रत्यक्षात आठातले दोनच दिवस शाळेत, बाकी बसमधनं उतरा, फोटो काढा, परत बसा. एक अख्खी दुपार मॉलमध्ये घालवली, मॉल बघायला जपानला कशाला जायचं? आणि ‘सर्व जेवण समाविष्ट’ म्हणजे रात्रीचं आपलं आपण, हे तिथं पोचल्यावर कळलं. मी सगळं खातो त्यामुळं माझं निभावलं, पण रूममेट शुद्ध शाकाहारी, आणि तिथं साध्या भाजीच्या सूपात पण माशाचं पाणी असतंय, दाशी म्हणतात त्याला, हे निघायच्या आधी कुणीतरी सांगायला नको? बिचारी उमेबोशी म्हणजे खारवलेलं आंबट फळ भरलेले भाताचे ओनिगिरी आणि माझं भडंग यावर जगली. अर्धा किलो भडंग तिसऱ्या दिवशी खलास.

फिरणं ठीक. कोराकुएन बाग 1700 सालची, पुण्यातलं सिंहगड रोडचं पु. ल. देशपांडे उद्यान हिच्यावरनंच केलंय, त्यामुळं ओळखीची वाटते, फक्त संपता संपत नाही. शेजारचा किल्ला काळाकुट्ट, कावळ्याचा किल्लाच म्हणतात त्याला, 1945 च्या बॉम्बहल्ल्यात जळला आणि 1966 ला सिमेंटमध्ये परत उभा केला, आत लिफ्ट आहे. पन्हाळ्यावर वाढलेल्या माणसानं लिफ्टनं किल्ला बघायचा म्हणजे काय बोलणार! त्यापेक्षा शहराबाहेर बिझेनला शिझुतानीची जुनी शाळा आहे ती चुकवू नका. इकेदा मित्सुमासा नावाच्या तिथल्या राजानं 1670 ला काढली, साध्या रयतेच्या पोरांना पण प्रवेश. आपल्या शाहू महाराजांचा सक्तीच्या मोफत शिक्षणाचा हुकूम 1917 चा, म्हटलं हे पण आपल्याच गोतातले दिसतात. आतली लाकडी जमीन इतकी चकचकीत की खिडक्यांचा उजेड तिच्यात पाण्यासारखा दिसतोय.

आता शाळा. प्रायमरीत चौथीचा वर्ग होता, गणिताचा पाठ, आणि 45 मिनिटांत बाईंनी डस्टरला हात लावला नाही. डाव्या कोपऱ्यात प्रश्न, मधी पोरांची तीन वेगवेगळी उत्तरं, उजवीकडं शेवटी काय ठरलं ते, म्हणजे उशिरा आलेल्यानं नुसता फळा वाचला तरी पाठ कळावा. आमच्याकडं फलक लेखनाला मार्क असतात, मी दर पाठाला तीनदा पुसतो आणि दर पाठाला मार्क जातात. ते का जातात हे मला तिथं मागच्या बाकावर बसून कळलं.

दुपारी जेवण वर्गातच. पांढरी टोपी, ॲप्रन, मास्क घालून पोरंच ट्रॉली ढकलत आणतात आणि पोरंच वाढतात. एक बारकी पोरगी सूप वाढत होती, प्रत्येक वाटीत डाव तेवढाच भरायचा म्हणून जीभ बाहेर काढून एकटक बघत होती. बाई पण तेच जेवल्या, पोरांच्यातच बसून. आपल्याकडं पोरं खिचडी खातात आणि आपण स्टाफरूममध्ये डबा उघडतो, मी पण तेच करतो, खोटं कशाला बोलू. एक दुधाचा पुडा उरला तर त्यासाठी दगड-कागद-कात्री खेळले. मग जेवणानंतर फडकी ओली करून सगळे जमीन पुसायला.

माझा पाठ लेझीमचा होता. चार लेझीम चेक-इन बॅगेत टाकून नेलेले, पाचव्या मिनिटाला वर्ग माझ्या हातातनं गेला, पण नाद खुळा झाला.

दोन रात्री एका घरी राहायला होतो, तिथल्या आजींना गूळ दिला, त्यांनी चहाबरोबर चॉकलेटसारखा चोखून खाल्ला. दारात कोल्हापुरी काढली आणि मागं वळून बघतो तर आजी खाली वाकून ती उचलून तोंड बाहेरच्या बाजूला करून ठेवतायत, जाताना सरळ पाय घालता यावा म्हणून. माझ्या चपलेला आजींचा हात लागला म्हणून मला इतकं कसंतरी झालं की मीच वाकून नमस्कार केला, त्या त्याहून खाली वाकल्या, मग मी परत.

जायचं असेल तर पैसे भरायच्या आधी शाळेत किती दिवस ते लिहून घ्या. भडंग एक किलो न्या. आणि सवय लागते हे ध्यानात ठेवा, परवा घरी आल्या आल्या चपला दाराकडं तोंड करून ठेवल्या तर आई म्हणाली, आत्ताच आलास की गं, लगेच निघालास काय?