बीटाकॅम आणि यू-मॅटिक टेप संगणकावर उतरवताना कोणते हार्डवेअर घ्यावे?

नाट्यसंस्था, माहितीपटांचे निर्माते, जुन्या मालिका करणाऱ्या कंपन्या आणि विद्यापीठांचे माध्यमविभाग यांच्या कपाटांत आजही बीटाकॅम एसपी आणि यू-मॅटिकच्या कॅसेट असतात, आणि त्या संगणकावर उतरवायच्या ठरल्या की पहिला प्रश्न हमखास कॅप्चर कार्डाचा, म्हणजे सिग्नल संगणकात घेणाऱ्या कार्डाचा, निघतो. माझ्या मते तो सर्वांत शेवटी यायला हवा. मिळणाऱ्या चित्राचा दर्जा आधी टेपच्या अवस्थेवर, मग डेकवर म्हणजे टेप वाजवणाऱ्या यंत्रावर, मग सिग्नलच्या वेळेतील चूक सुधारणाऱ्या टाइम बेस करेक्टरवर म्हणजे टीबीसीवर आणि डेकच्या कोणत्या सॉकेटमधून सिग्नल घेतला यावर ठरतो. कार्डाची पाळी त्यानंतर येते. खालील तुलना त्याच क्रमाने केली आहे आणि ती भारतात वापरल्या गेलेल्या पॅल या टीव्ही पद्धतीच्या टेपांपुरती आहे.

सोनीने यू-मॅटिक १९७१ मध्ये आणि बीटाकॅम १९८२ मध्ये बाजारात आणले. बीटाकॅम एसपी १९८६ चे. दोन्ही प्रकार व्यावसायिक असले तरी टेपवर चित्र लिहिण्याची त्यांची रीत अगदी वेगळी आहे, आणि हार्डवेअरची निवड इथेच दुभंगते. बीटाकॅममध्ये प्रकाशमान (चित्राची उजेड-अंधाराची पातळी) एका ट्रॅकवर आणि रंगफरकाचे दोन सिग्नल शेजारच्या दुसऱ्या ट्रॅकवर लिहिले जातात. म्हणजे रंग आणि प्रकाश टेपवर वेगळेच असतात, आणि ते तसेच वेगळे बाहेर काढण्यासाठी डेकच्या मागे कंपोनंटची तीन बीएनसी सॉकेट दिलेली असतात. त्याच डेकचा कंपोझिट आउटपुट घेतला तर वेगळे असलेले सिग्नल डेक एकत्र करतो आणि कार्ड ते पुन्हा सोडवत बसते. बारीक रेघांच्या साडीवर किंवा अक्षरांच्या कडांवर जे सरपटणारे ठिपके आणि खोटे रंग दिसतात, ते या अनावश्यक प्रवासाचे फळ असते. यू-मॅटिकचे तसे नाही. त्यात रंग कमी फ्रिक्वेन्सीवर उतरवून प्रकाशाबरोबर एकाच ट्रॅकवर लिहिलेला असतो, त्यामुळे बहुतेक ठिकाणी कंपोझिट आउटपुट हाच व्यवहार्य मार्ग ठरतो. यू-मॅटिक डेकच्या मागचे सात पिनांचे डब सॉकेट मोहात पाडते, परंतु त्यातून येणारा रंग अजून कमी फ्रिक्वेन्सीवरच असल्यामुळे साधी केबल तयार करून तो एस-व्हिडिओत (रंग आणि प्रकाश वेगळे नेणाऱ्या जोडणीत) घालता येत नाही. त्यासाठी डब इनपुट असलेला टीबीसी लागतो.

टीबीसीविषयी थोडे थांबून लिहितो, कारण याच खर्चावर लोक काट मारतात. टेप यांत्रिक गतीने फिरते, म्हणून तिच्यावरून येणाऱ्या प्रत्येक ओळीची वेळ किंचित पुढेमागे होते. जुन्या टीव्हीने ती चूक खपवून घेतली, पण संगणकाचे कार्ड घेत नाही: ते फ्रेम सोडते, ध्वनी आणि चित्र यांची जुळणी बिघडवते किंवा सरळ काळा पडदा दाखवते. पीव्हीडब्ल्यू-२८००पी, यूव्हीडब्ल्यू-१८००पी आणि बीव्हीडब्ल्यू-७५पी या बीटाकॅम एसपी डेकमध्ये टीबीसी आतच असतो. त्याचा आणखी एक फायदा असा की हेडवरून येणारा मूळ आरएफ सिग्नल कुठे तुटला हे त्याला थेट कळते, त्यामुळे ड्रॉपआउटच्या जागी शेजारच्या ओळीतील मजकूर भरता येतो. बाहेरून जोडलेल्या टीबीसीला ही माहिती एरवी मिळत नाही. म्हणून बीटाकॅमसाठी वेगळ्या टीबीसीवर पैसे घालण्यापेक्षा कमी झिजलेल्या हेडचा डेक शोधणे शहाणपणाचे आहे. यू-मॅटिकच्या बऱ्याच डेकमध्ये टीबीसी नसतो किंवा तो जादा बोर्ड म्हणून बसवावा लागे, त्यामुळे तिथे बाहेरचा चांगला टीबीसी हा खरेदीच्या यादीतला पहिला जिन्नस मानावा. यू-मॅटिकच्या लो-बँड, हाय-बँड आणि एसपी अशा तीन तऱ्हा आहेत; आपल्या साठ्यात ज्या आहेत त्या सर्व हा डेक वाचतो का, हे पैसे देण्याआधी तपासावे.

आता संगणकाच्या बाजूचे पर्याय पाहू. हजार-दोन हजार रुपयांची यूएसबी काडी या कामातून बादच समजावी: तिला कंपोनंट इनपुट नसतो, ती आठ बिटांवर थांबते आणि पांढऱ्या भागाची पातळी कधी कापली गेली हे आपल्याला कळू देत नाही. कोणत्या कॅसेटमध्ये काय आहे याची पाहणी करण्यापुरती ती वापरण्यास हरकत नाही.

कॅनोपसच्या एडीव्हीसी-११० सारख्या डीव्ही पेट्यांबद्दल, म्हणजे ॲनालॉग चित्र दाबून डीव्ही या डिजिटल रूपात देणाऱ्या पेट्यांबद्दल, मला आदर आहे, कारण त्या ध्वनी आणि चित्राची जुळणी पक्की ठेवतात आणि तासाला सुमारे १३ जीबी इतकीच जागा मागतात. तरीही व्यावसायिक टेपांसाठी मी त्या आज सुचवणार नाही. या पेटीला कंपोनंट इनपुट नाही, पॅल डीव्हीमध्ये रंगाची उभी माहिती निम्मी होते, चित्र सुमारे पाचास एक या प्रमाणात दाबले जाते, आणि वर ती ज्यातून संगणकाला जोडायची ते फायरवायर सॉकेटच संगणकांतून नाहीसे झाले आहे. ॲपलने मॅकओएसच्या टाहो आवृत्तीत त्याचा आधारही काढून टाकला. ज्यांच्याकडे जुना संगणक आणि यू-मॅटिकच्या दहा-वीस कॅसेट आहेत, त्यांनी ही पेटी फेकू नये, एवढेच.

खरी निवड उरते ती ॲनालॉग इनपुट असलेले कार्ड आणि एसडीआयचा, म्हणजे चित्र-ध्वनी डिजिटल रूपात एकाच केबलने आणण्याचा, मार्ग यांत. पहिल्या गटात ब्लॅकमॅजिकची इंटेन्सिटी प्रो ४के आणि डेकलिंक स्टुडिओ ४के ही दोन कार्डे सहज तुलनेत येतात. दोन्ही कंपोनंट, कंपोझिट आणि एस-व्हिडिओ घेतात आणि दहा बिटांत ४:२:२ (रंगाची उभी माहिती पूर्ण, आडवी निम्मी) नोंदवतात, त्यामुळे निव्वळ चित्रावर दोघांत फार भांडण नाही. फरक ध्वनी आणि नियंत्रणात आहे. इंटेन्सिटीला स्टिरिओ ध्वनीचे आरसीए इनपुट आहेत, तर डेकलिंक स्टुडिओ चार वाहिन्यांचा बॅलन्स्ड (बाहेरची खरखर टाळणारा, व्यावसायिक जोडणीचा) ध्वनी घेते. बीटाकॅम एसपीवर दोन रेखीय ट्रॅकांशिवाय एएफएमचे (चित्राच्या ट्रॅकमध्येच लिहिलेल्या ध्वनीचे) दोन ट्रॅक असू शकतात, आणि अनेक चित्रणांत मुलाखतीचा आवाज एकीकडे व सभोवतालचा आवाज दुसरीकडे ठेवलेला असतो. दोनच वाहिन्या घेणाऱ्या कार्डावर ते उरलेले दोन ट्रॅक कुणाच्या लक्षातही न येता मागे राहतात. शिवाय डेकचा एक्सएलआर (व्यावसायिक ध्वनीच्या सॉकेटचा) आउटपुट घरगुती उपकरणांच्या आरसीएपेक्षा बराच वरच्या पातळीचा असल्यामुळे मधे पातळी उतरवणारे काही न घालता जोडल्यास आवाज फाटतो.

डेकलिंक स्टुडिओचा दुसरा फायदा म्हणजे आरएस-४२२. सोनीच्या नऊ पिनांच्या या जोडणीवरून संगणक डेक चालवतो आणि टाइमकोड (प्रत्येक फ्रेमचा वेळक्रमांक) वाचतो, त्यामुळे निवडलेले तुकडे एकामागून एक आपोआप घेता येतात. संपूर्ण कॅसेट सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच फाइलमध्ये घ्यायची असेल, आणि जतनासाठी तेच योग्य, तर ही सोय नसली तरी अडत नाही. मात्र मूळ टाइमकोड फाइलमध्ये हवा असेल तर ती हवीच. आजा (AJA) या कंपनीचे कोना एलएचआय हे कार्डही या कामासाठी नावाजलेले आहे. त्याचे उत्पादन थांबले असल्यामुळे जुन्या बाजारात घेताना सोबत ब्रेकआउट केबल (कार्डाच्या एका सॉकेटमधून अनेक सॉकेट काढणारी) आहे का आणि आपल्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी ड्रायव्हर मिळतो का, या दोन गोष्टींची खातरजमा करावी.

एसडीआयच्या मार्गात ॲनालॉगचे डिजिटल रूपांतर कार्डाबाहेर होते. त्याची सर्वांत देखणी तऱ्हा म्हणजे ॲनालॉग टेप वाचणारा डिजिटल बीटाकॅम डेक. सोनीच्या डीव्हीडब्ल्यू-ए५००पी मधला ‘ए’ त्यासाठीच आहे. तो नसलेला डीव्हीडब्ल्यू-५००पी ॲनालॉग बीटाकॅम वाचत नाही, आणि जुन्या बाजारात या एका अक्षरावर लोक फसतात. जे-३० एसडीआय हा लहान प्लेअरही बीटाकॅम एसपी आणि डिजिटल बीटाकॅम दोन्ही वाचतो. अशा डेकमधून चित्र आणि ध्वनी एकाच बीएनसी केबलने निघतात, आणि संगणकाला अल्ट्रास्टुडिओ रेकॉर्डर ३जी सारखी साधी थंडरबोल्ट पेटी पुरते, म्हणजे लॅपटॉपवरही काम होते. ज्यांच्या साठ्यात डिजिटल बीटाकॅमही आहे त्यांच्यासाठी मला याहून चांगली मांडणी दिसत नाही. डेक ॲनालॉगच असेल तर मधे ॲनालॉगचे एसडीआय करणारा लहान कन्व्हर्टर घालता येतो. त्यातही ध्वनीच्या ॲनालॉग वाहिन्या बहुधा दोनच असतात, हे विसरू नये.

कोणतेही कार्ड घेतले तरी एक सेटिंग आधी पाहावे. ब्लॅकमॅजिकच्या ड्रायव्हरमध्ये कंपोनंटची पातळी ‘एसएमपीटीई’ की ‘बीटाकॅम’ असे विचारले जाते, आणि समोर बीटाकॅमची टेप असल्यामुळे हात आपसूक दुसऱ्या पर्यायाकडे जातो. ती पातळी अमेरिकी एनटीएससी पद्धतीची आहे; आपल्या पॅल टेपांसाठी पहिलीच निवडावी, नाहीतर रंगांचे प्रमाण चुकीचे नोंदले जाते.

डिस्कची जागा आधी मोजून ठेवावी. दहा बिटांचे, न दाबलेले पॅल चित्र तासाला सुमारे १०० जीबी घेते, म्हणजे ९० मिनिटांच्या एका मोठ्या बीटाकॅम कॅसेटला १५० जीबी. एफएफव्ही१ या लॉसलेस कोडेकमध्ये ती जागा निम्म्याच्या आसपास येते आणि चित्राचा एकही बिट हरवत नाही. २०२१ मध्ये त्याचे विवरण आरएफसी ९०४३ म्हणून प्रसिद्ध झाल्यामुळे पुढच्या पिढीला फाइल उघडता येण्याबद्दलही खात्री बाळगता येते. व्हीरेकॉर्ड हे मुक्त सॉफ्टवेअर ब्लॅकमॅजिकच्या कार्डांवरून थेट या रूपात नोंदवते आणि सोबत वेव्हफॉर्म (चित्राच्या पातळीचा आलेख) दाखवते. ज्यांना टर्मिनलची भीती नाही त्यांनी ते जरूर पाहावे.

बीटाकॅमच्या शंभराहून अधिक कॅसेट असतील तर मी बीव्हीडब्ल्यू-७५पी आणि डेकलिंक स्टुडिओ ४के ही जोडी घेईन, आणि त्यात डिजिटल बीटाकॅमही असेल तर एसडीआयचा डेक. तीस-चाळीस कॅसेटींसाठी डेक विकत घेण्यापेक्षा भाड्याने आणावा आणि कार्डावर खर्च करावा, कारण कार्ड पुढेही उपयोगी पडते. निव्वळ यू-मॅटिक असेल तर साधे इंटेन्सिटी कार्ड चालेल, पण वाचलेली रक्कम टीबीसीत घालावी. ज्या कॅसेट वाजवताना किंचाळतात किंवा हेडवर तपकिरी चिकटा सोडतात, त्या पहिल्या खुणेलाच बाहेर काढून बाइंडर (टेपवरील चुंबकीय थर धरून ठेवणारा पदार्थ) सुकवण्याची सोय असलेल्या जाणकाराकडे द्याव्यात; त्यांच्यावर नव्या डेकची चाचणी घेऊ नये.