तीस जणांसाठी क्रीमी बेक्ड बटाटा: चार पद्धतींतली कोणती निवडाल?

चार जणांसाठी क्रीममधला बेक्ड बटाटा करायचा असेल तर कुठलीही कृती उचला, फारसं बिघडत नाही. माणसं पंचवीस-तीस झाली की गणित बदलतं. ओव्हनमध्ये एका वेळी किती ट्रे राहतात, जेवायला सगळे एकदम बसणार की दोन तास कोणी ना कोणी येत राहणार, आदल्या दिवशी किती काम उरकता येईल, या तीन गोष्टी आधी. चव त्यानंतर. खरं सांगायचं तर बटाटा, दूध-क्रीम आणि मीठ एकत्र भाजलं की ते चवीला वाईट लागतच नाही. फसतं ते वेळेत आणि पोतात.

आधी हिशेब. जोडपदार्थ म्हणून माणशी १५० ते २०० ग्रॅम कच्चा बटाटा धरा, म्हणजे तीस जणांना साडेचार ते सहा किलो. ३३ बाय २३ सेंटिमीटरच्या, ५ सेंटिमीटर खोल ट्रेमध्ये दोन किलो बटाटा आणि लिटरभर क्रीम-दूध बसतं आणि वर उकळायला थोडी जागाही राहते. म्हणजे ट्रे तीन. घरच्या ओव्हनमध्ये दोन कप्प्यांवर दोनच ट्रे नीट राहतात. इथेच अनेकांना मोह होतो की एकच मोठं खोल भांडं घ्यावं आणि सगळं त्यात भरावं. तो आवरा. थर दुप्पट जाड केला की मध्यापर्यंत उष्णता पोचायला दुप्पट नव्हे, साधारण चौपट वेळ लागतो. कडा करपतात आणि मधल्या चकत्या कचकचीत राहतात. उथळ ट्रे वाढवा, खोली वाढवू नका.

आता स्पर्धक. एक, कच्च्या चकत्या थेट क्रीममध्ये भाजायच्या, म्हणजे फ्रेंच ग्रातँ दोफिन्वा. दोन, चकत्यांवर पातळ व्हाइट सॉस, म्हणजे स्कॅलप्ड पोटॅटोज. तीन, किसलेल्या बटाट्याचं कॅसरोल, म्हणजे सगळं एकत्र कालवून ट्रेमध्ये भाजायचं. चार, मॅश करून भाजलेला बटाटा.

क्रीम की व्हाइट सॉस?

खरी लढत या दोघांत आहे, म्हणून इथे जरा थांबू.

ग्रातँ दोफिन्वा हा आग्नेय फ्रान्समधल्या दोफिने प्रांताचा पदार्थ. त्याची पहिली नोंद १७८८ सालच्या जुलैमधली सांगतात, गाप शहरातल्या अधिकाऱ्यांना दिलेल्या एका मेजवानीतली. म्हणजे हा पहिल्यापासून पंगतीचाच पदार्थ. साहित्य इतकं कमी की लपायला जागा नाही: बटाटा, क्रीम, दूध, लसूण, मीठ, किंचित जायफळ. परंपरेने त्यात चीज नसतं, आणि मला तो बिनचीजचाच आवडतो. बटाटा क्रीम शोषून घेतो, चकती चकतीला चिकटते आणि सुरीने सरळ चौकोन कापता येतो. ताटात तो सगळ्यांत देखणा दिसतो, यात वाद नाही.

अडचण क्रीमच्या खर्चात आणि वजनात आहे. तीन ट्रेंना तीन लिटर द्रव लागणार, त्यात निदान निम्मं क्रीम. ते वाचवायला नुसतं दूध घातलं की खोडा बसतो. बटाट्यात थोडं आम्ल आणि फिनॉलिक द्रव्यं असतात. दूध त्यांच्यासोबत तासभर तापत राहिलं की त्यातली केसीन प्रथिनं एकमेकांना धरून गोळा होतात. मग चकत्यांच्या मधोमध बारीक पांढरे कण आणि तळाला पाणी. खायला धोका नाही, पण दिसायला फाटलेल्या दुधासारखंच. जास्त फॅटच्या क्रीममध्ये प्रथिनं प्रमाणाने कमी आणि स्निग्धांश भरपूर, म्हणून ते उकळूनही टिकतं. ३५ टक्के फॅटचं क्रीम असेल तर निम्मं दूध मिसळायला हरकत नाही. २५ टक्क्यांचं असेल तर दुधाचा हात आखडता ठेवा.

व्हाइट सॉस नेमका हाच प्रश्न सोडवतो. लोण्यात परतलेला मैदा दुधात शिजला की त्यातलं पिठूळ द्रव्य, म्हणजे स्टार्च, फुगतं आणि प्रथिनांना एकमेकांजवळ येऊ देत नाही. म्हणून साध्या दुधात काम भागतं. लिटरभर दुधाला ४० ते ५० ग्रॅम लोणी आणि तितकाच मैदा पुरतो. पास्त्यासाठी करतो तितका दाट सॉस इथे नको, कारण बटाटाही स्वतःचं स्टार्च सोडणार. आधीच दाट केलात तर वाढताना लगदा निघेल.

चवीला व्हाइट सॉसवाला थोडा बोथट, हे कबूल. क्रीमचा गोडवा त्यात येत नाही. ते भरून काढायला कांदा लोण्यात मऊ करून घाला, मोहरीची चमचाभर पेस्ट घाला, आणि चीज घालायचंच असेल तर ते इथे. पण त्याची खरी ताकद वाट बघण्यात आहे. क्रीमचा ट्रे तासभर गरम ठेवला की कडेला पिवळं तूप सुटायला लागतं आणि बटाटा उरलंसुरलं द्रव पिऊन कोरडा पडतो. व्हाइट सॉसमधलं स्टार्च फॅटला धरून ठेवतं, त्यामुळे उशिरा आलेल्याच्या ताटातही तोच पोत जातो. येणारे-जाणारे असतील तर मी डोळे झाकून व्हाइट सॉस निवडेन. सगळे एकाच वेळी टेबलावर बसणार असतील तर क्रीम.

क्रीम जड पडेल अशी शंका असेल तर शेजारच्या साव्हॉय प्रांताची तऱ्हाही बघा. तिथे क्रीमऐवजी स्टॉक, म्हणजे मांस किंवा भाज्या उकळून काढलेलं पाणी, आणि चकत्यांच्या थरांत चीज घालतात. हलकं होतं, फुटण्याची भीतीही नाही. मात्र ज्याला 'क्रीमी' म्हणतात ते हे नव्हे, आणि स्टॉक मांसाचा असेल तर शाकाहारी पाहुण्यांना आधी सांगावं लागेल.

दोन्हींना लागू पडणारी एक युक्ती

कच्च्या चकत्या ट्रेमध्ये रचून १६० ते १७० अंशांवर भाजायला सव्वा ते दीड तास लागतो. तीन ट्रे, एक ओव्हन, आणि मुख्य पदार्थालाही तोच ओव्हन हवा असेल तर हे जमणारच नाही. त्यापेक्षा चकत्या आधी पातेल्यातच अर्धवट शिजवा. तीन मिलिमीटर जाडीच्या चकत्या करा. मँडोलिन, म्हणजे चकत्या पाडायची सपाट किसणी, असेल तर सहा किलोचं काम सुसह्य होतं, पण बोटांसाठी तिचं संरक्षक कवच वापरा. चकत्या धुवू नका, पृष्ठभागावरचं स्टार्च आपल्याला हवं आहे. रुंद पातेल्यात दूध-क्रीम, मीठ, ठेचलेला लसूण गरम करा, चकत्या सोडा आणि मंद आचेवर आठ-दहा मिनिटं ठेवा. उलथनं तळापासून हलक्या हाताने फिरवत राहा, कारण लागतं ते तळालाच.

पाचव्या-सहाव्या मिनिटाला फरक डोळ्यांनी दिसतो. सुरुवातीला पाण्यासारखं सळसळणारं दूध अचानक सुस्तावतं, बुडबुडे जड होतात, चमच्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढली तर ती तशीच राहते. चकती वाकते पण मोडत नाही. इथे थांबायचं, ट्रेमध्ये ओतायचं. व्हाइट सॉस करत असाल तर चकत्या दुधाऐवजी मिठाच्या पाण्यात चार-पाच मिनिटं उकळून, निथळून, गरम सॉसखाली घाला. कशीही केली तरी ओव्हनचा वेळ ४० मिनिटांच्या आत येतो. दुसरा मोठा फायदा म्हणजे मीठ ट्रेमध्ये ओतण्यापूर्वी चाखून बघता येतं. किलोभर बटाट्याला १० ते १२ ग्रॅम मीठ ही सुरुवात, चीज घालणार असाल तर कमी.

किसलेल्याचं कॅसरोल

हे अमेरिकन. फ्रोझन किसलेला बटाटा, आंबट क्रीम, डबाबंद घट्ट सूप, किसलेलं चीज, वर चुरलेले कॉर्नफ्लेक्स आणि लोणी. तिथल्या युटा राज्यात हे इतकं रुजलेलं आहे की २००२ च्या सॉल्ट लेक सिटी हिवाळी ऑलिंपिकला त्याची आठवण म्हणून कपड्यांवर लावायची पिन निघाली होती.

सोलणं नाही, चिरणं नाही, एका मोठ्या भांड्यात कालवून ट्रेमध्ये थापायचं. हाताशी मदतीला कोणी नसेल तर याच्याइतकं सोपं काही नाही. मुलं आवडीने खातात. तक्रार दोन बाबतींत. सूप आणि चीज दोन्ही खारट, त्यामुळे वरून मीठ जवळजवळ घालूच नये. आणि डबाबंद सूप बहुतेकदा चिकनचं असतं. मशरूमचं घेतलं तर प्रश्न मिटतो, पण डब्यावरचं बारीक अक्षर वाचायलाच हवं.

फ्रोझनऐवजी कच्चा बटाटा किसून घालू असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. किस हवेत काळा पडतो, आणि आंबट क्रीममधल्या आम्लामुळे बटाट्याच्या पेशींना बांधून ठेवणारं पेक्टिन लवकर विरघळत नाही. तासभर भाजूनही तो दाताखाली कडक लागतो. फ्रोझन किस आधीच थोडा शिजलेला असतो, म्हणून तिथे हे खपतं.

मॅश करून भाजलेला

याला कमी लेखतात. दिसायला साधा, नाव मोठं नाही. पण गर्दीसाठी जे गुण लागतात ते जवळजवळ सगळे यात आहेत. बटाटा आधीच शिजलेला, त्यामुळे ओव्हनचं काम फक्त गरम करणं आणि वर रंग आणणं. मध्ये कच्चं राहण्याची धास्ती नाही. आदल्या दिवशी ट्रे भरून फ्रिजमध्ये ठेवला तर काही बिघडत नाही. कच्च्या चकत्यांचं तसं नाही, द्रवाच्या वर राहिलेली कड रात्रीत राखाडी होते.

पिठूळ, जुना बटाटा घ्या. सोलून मोठे तुकडे थंड पाण्यात टाकून उकळायला ठेवा, निथळून पुन्हा मिनिटभर आचेवर ठेवून वाफ उडवा. मॅशरने किंवा रायसरने, म्हणजे बारीक छिद्रांतून दाबून काढणाऱ्या साच्याने, गरम असतानाच फोडा. मिक्सर वर्ज्य. पाती पेशी फाडतात, मोकळं स्टार्च बाहेर येतं आणि सगळ्याचा डिंक होतो, मग त्यावर कितीही क्रीम ओता. किलोमागे १०० ग्रॅम लोणी, १५० ग्रॅम क्रीम चीज आणि लागेल तसं गरम दूध. मिश्रण तुम्हाला नेहमीपेक्षा सैल वाटलं पाहिजे, कारण भाजताना ते आवळतं. कापून वाढायचं नसेल तर अंड्याची गरज नाही.

कमतरता एकच: सहा किलो बटाटा हाताने मॅश करणं म्हणजे खांद्याची परीक्षा. तेवढ्यासाठी दुसरा माणूस बोलवा.

चीज, मैदा आणि बाकी खाचाखोचा

पाहुण्यांत गव्हाचं ग्लुटेन न चालणारं कोणी असेल तर मैद्याऐवजी कॉर्नफ्लोर वापरा, निम्म्या प्रमाणात. ते लोण्यात परतायचं नसतं, थंड दुधात कालवून उकळत्या दुधात घालायचं. दोफिन्वाला हा प्रश्नच येत नाही, त्यात मैदाही नाही आणि अंडंही नाही.

जुनं मुरलेलं चीज चवीला जोरकस, पण तापलं की तेल सोडतं. ग्रुयेअर किंवा कोवळं चेडर नीट वितळतं. आयतं किसलेलं चीज चिकटू नये म्हणून त्याला स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेलं असतं, त्याने सॉस किंचित रवाळ होतो. प्रोसेस्ड चीजला नाकं मुरडणाऱ्यांनी मुरडावीत, पण त्यातल्या सायट्रेट-फॉस्फेट क्षारांमुळे ते फुटत नाही. चांगल्या चीजमध्ये मूठभर प्रोसेस्ड मिसळलं तर सॉस तासभर गुळगुळीत राहतो आणि कोणाला कळतही नाही. चीज आच बंद करून मगच घाला.

आदल्या दिवशी क्रीमचा किंवा व्हाइट सॉसचा ट्रे करायचा असेल तर तो पूर्ण भाजून गार करा, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशी फॉइलखाली मध्यभागी ७४ अंश होईपर्यंत तापवा. वर दोन चमचे दूध शिंपडा. वाढताना तो ६० अंशांच्या खाली जाऊ देऊ नका; टेबलावर उघडा ठेवणार असाल तर मर्यादा तीच, दोन तास. ट्रे काचेचा असेल तर फ्रिजमधून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये सरकवू नका, तडा जातो. धातूच्या ट्रेला ही चिंता नाही, म्हणून गर्दीला मी धातूचाच धरते.

दोन ट्रे एकदम ठेवले की ओव्हनला तापायला वेळ लागतो. कृतीत दिलेल्या वेळेवर पंधरा मिनिटं वाढवून धरा आणि मध्यावर वरचा ट्रे खाली, खालचा वर करा. सुरी मधोमध घालून पाहा: अडखळता कामा नये. बाहेर काढल्यावर चकत्यांचा ट्रे १५-२० मिनिटं तसाच ठेवा. उकळता सॉस पातळच असतो, तेवढ्या वेळात तो बसतो. मॅशला एवढं थांबावं लागत नाही.

तीन ट्रे तीन प्रकारचे करावेत का, असंही विचारतात. तीन नको. स्वयंपाकघरात एकटं माणूस असेल तर तीन वेळापत्रकं सांभाळताना तिन्ही हुकतात. दोन ट्रे व्हाइट सॉसचे आणि एक मॅशचा ही जोडी मात्र जमते: मॅशचा ट्रे आदल्या दिवशी तयार, सकाळी फक्त चकत्यांचं काम. व्हाइट सॉसचे दोन्ही ट्रे बाहेर काढून सॉस बसायला ठेवायचे आणि रिकाम्या ओव्हनमध्ये मॅशचा सरकवायचा. फ्रिजमधून आलेल्या मॅशला १८० अंशांवर पाऊण तास लागतो, तोवर पहिले दोन ट्रे वाढून होतात.